निवृत्तीनंतर शास्त्रीय गाणं शिकायचं आहे, जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा: "मी ५७ वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. शाळकरी वयात दोन-अडीच वर्षं गाणं शिकले, दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. आता पुन्हा शिकावंसं फार वाटतं. पण आवाज जाड झालाय. तेव्हा बाई काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) गाऊन घ्यायच्या, आता त्या पट्टीत वरचा सा फाटतो. मुलगा म्हणतो ऑनलाइन शीक. मैत्रिणी म्हणतात गाण्याची विशारद परीक्षा कर. या वयात खरंच गाता येईल का, की नुसती हौस म्हणून सोडून द्यावं?"

ताई, सोडून देऊ नका. मी गाणं शिकवते आणि माझ्याकडे पन्नाशीच्या, साठीच्या पुढे शिकायला आलेली पुष्कळ मंडळी आहेत. त्यामुळे काय मिळतं आणि काय मिळत नाही, दोन्ही स्पष्ट सांगते.

रोज रियाज झाला आणि नीट शिकवणारं कुणी भेटलं, तर चार-पाच वर्षांत तुम्ही एखादा राग वीस-पंचवीस मिनिटं सुरात, तालात, आपल्या विचाराने मांडू शकाल. थोडी आलापी, मध्य लयीतली बंदिश, बोलआलाप (बंदिशीचे शब्द घेऊन केलेली आलापी), जमतील तेवढ्या ताना. समोर बसलेल्या जाणकाराला "गाणं ऐकलं" असं वाटेल, एवढं नक्की होतं. मोठ्या व्यासपीठावरची दीड तासाची ख्यालाची मैफल मात्र धरून चालू नका. ख्यालाला गळ्याची जी चपळाई लागते ती कोवळ्या वयात, वर्षानुवर्षांच्या तालमीत तयार होते. पंचावन्नच्या पुढे गळा तयार होतो, पण तेवढा धावत नाही. हे आधीच समजून घेतलं की मनाला पुढे त्रास होत नाही.

तुम्हाला कुणीतरी डॉ. वसंतराव देशपांड्यांचं उदाहरण देईल. त्यांनी अनेक वर्षं पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली आणि घराघरांत त्यांचं नाव झालं ते १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आल्यावर, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. पं. मल्लिकार्जुन मन्सूरांचंही सांगतील. जन्म १९१० चा, पद्मश्री १९७० साली, पद्मभूषण १९७६ साली आणि पद्मविभूषण थेट १९९२ साली. दोन्ही उदाहरणं खरी आहेत आणि माझ्या मनात या दोघांबद्दल अपार आदर आहे. पण ती उशिरा मिळालेल्या मान्यतेची उदाहरणं आहेत. वसंतराव लहानपणीच नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे शिकत होते. मन्सूरांनी आधी नीलकंठबुवांकडे आणि मग मंजीखाँ, बुर्जीखाँ यांच्याकडे तालीम घेतली, तीही ऐन उमेदीत. त्यांचं गाणं तयारच होतं, जगाने ते उशिरा ऐकलं.

तुमच्या प्रश्नाला जास्त जवळचे वाटतात ते पं. विष्णु नारायण भातखंडे. व्यवसायाने वकील. सतार तरुणपणी शिकलेले, धृपदं-ख्याल गोळा करण्याचा नाद होता, पण पोट वकिलीवर. ज्या कामासाठी आपण त्यांना ओळखतो, म्हणजे रागांचं शास्त्र लिहिणं आणि संगीतशिक्षण उभं करणं, ते त्यांनी हाती घेतलं चाळिशी उलटल्यावर. जन्म १८६० चा. दक्षिणेचा अभ्यासदौरा १९०४ चा. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चा पहिला भाग १९१० चा, म्हणजे पन्नाशीचा. बडोद्याची संगीत परिषद १९१६ साली आणि लखनौचं संगीत महाविद्यालय १९२६ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. त्यांनी मैफलीचा गवई व्हायचा हट्ट धरला नाही. आपल्या वयाला, बुद्धीला आणि हाती असलेल्या वेळेला जे साधेल ते निवडलं आणि त्यात जीव ओतला. मोठ्या वयात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, की आधी आपलं गाणं कोणतं ते ठरवा.

आता आवाज. तुमच्या पत्रातली खरी अडचण इथेच आहे.

तुम्ही तीसेक वर्षं वर्गात बोलत आलात. चाळीस मुलांच्या गलक्यावर आवाज चढवून शिकवणाऱ्यांचा गळा थकलेला असतो. स्वरतंतूंवर बारीक गाठी असू शकतात, सूज असू शकते. म्हणून क्लास शोधण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीतून स्वरयंत्र तपासून घ्या. थायरॉइड मंद असला तरी आवाज जड होतो, तीही तपासणी करा. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होण्याची सवय असेल तर आम्ल वर येऊन घसा चरचरतो आणि सकाळी आवाज बसलेला असतो. पुष्कळांना वाटतं रियाजाने आवाज बसला, प्रत्यक्षात दोष रात्रीच्या जेवणाचा निघतो. पुढेही कधी आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसून राहिला, तर काढे-गुळण्या करत थांबू नका, दाखवा.

तपासणीत काही निघालं नाही, तर "जाड झालाय" ही तक्रार मनातून काढून टाका. पाळी थांबल्यानंतर बाईच्या शरीरातले संप्रेरकांचे बदल स्वरतंतूंपर्यंत पोचतात, ते थोडे जाड होतात आणि आवाज खाली उतरतो. हा आजार नाही. पंधराव्या वर्षी तुमचा सा काळी चारचा होता, आज तो काळी तीनचा असेल, पांढरी चारचाही असेल. तुमचा वरचा सा फाटतो कारण तुम्ही अजून त्या मुलीच्या पट्टीत गाताय. पट्टी उतरवा. मी बघते ते असं: मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) गुणगुणता आला पाहिजे, नुसता हवेसारखा सुटता कामा नये, आणि तार षड्जावर (वरच्या सा वर) मान न ताणता, भुवया न उचलता चार मात्रा थांबता आलं पाहिजे. या दोन टोकांत बसेल तो तुमचा सा. वर्षभराने गळा मोकळा झाला की तार गंधारापर्यंत वाट सापडते, तेव्हा हवं तर अर्ध्या स्वराने पट्टी वर न्यावी. घाई नको.

खालच्या पट्टीत गायची पुष्कळ बायकांना लाज वाटते, "पुरुषी वाटतं" म्हणतात. गंगूबाई हनगल ऐका. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज कायमचा भरदार झाला आणि त्याच आवाजाने त्यांनी किराणा घराण्याचं गाणं पुढची कित्येक दशकं गाजवलं. भरलेल्या आवाजात मंद्र सप्तकाचं जे वैभव आहे ते बारीक गळ्याला मिळत नाही. मारवा, पूरिया, दरबारी हे राग खाली, खर्जात खुलतात. तिकडे जायला तुम्हाला वेळ लागेल, पण दार उघडं आहे.

याच कारणासाठी मोठ्या सामूहिक वर्गात जाऊ नका. तिथे पंधरा मुली आणि एक पेटी, सगळ्यांचा सा काळी चार किंवा पाच. तुम्ही महिनाभर ओढून ताणून गाल आणि मग "आपल्याला जमत नाही" म्हणून घरी बसाल. असं झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण गळा चांगला होता, पट्टी तेवढी चुकली होती. एकटीने शिका, किंवा तुमच्याच पट्टीच्या दोघी-तिघी मिळून शिका.

शिकवणारी व्यक्ती तुमच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान असण्याची शक्यता मोठी आहे. तिला "ताई" म्हणायचं आणि गुरुपौर्णिमेला नमस्कारही करायचा. तुम्ही आयुष्यभर टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होता, त्यामुळे "पुन्हा म्हणा", "नाही लागला", "पुन्हा" हे ऐकायला पहिले काही महिने जड जाईल. त्या मुलीलाही आईच्या वयाच्या बाईला चूक दाखवायला संकोच वाटतो. तो संकोच तुम्हीच पहिल्या दिवशी मोडा. सांगून टाका, "मला वयाची सवलत नको, सूर लागेपर्यंत सोडू नकोस." एवढ्या एका वाक्याने शिकवण्याची जात बदलते. नाहीतर "छान, छान" म्हणत दर महिन्याला नवी बंदिश मिळत राहते आणि सूर होता तिथेच राहतो.

मुलगा म्हणतो त्या ऑनलाइनबद्दल. तालुक्याच्या गावात चांगलं शिकवणारं कुणी नसेल तर ऑनलाइन नक्की घ्या, पण त्याची मर्यादा माहीत असू द्या. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे गुरूबरोबर एकत्र गाता येत नाही आणि ठेक्यावर एकत्र बसता येत नाही. त्यांनी म्हणायचं, थांबायचं, मग तुम्ही म्हणायचं. सुराचं काम असं होतं, लयीचं अर्धवटच होतं. महिन्यातून एकदा तरी एसटीने जाऊन समोर बसून शिकता आलं तर ते करा. गावात भजनी मंडळाचा तबला किंवा पखवाज वाजवणारं कुणी असेल तर आठवड्यातून तासभर त्यांच्या ठेक्यावर गायला बसा.

रियाजाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पुस्तकात लिहिलेला पहाटेचा दोन तासांचा खर्ज (खालच्या स्वरांचा रियाज) तुमच्यासाठी नाही. थकलेल्या गळ्यावर खर्जाचा मारा केला तर तो आणखी बसतो. दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं, एवढ्यावर सुरुवात करा. सकाळी उठल्यावर तासभर जाऊ द्या, पाणी प्या, थोडं बोला, मग बसा. मांडी घालून गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, फक्त पाठ टेकू नका आणि पाय जमिनीवर टेकलेले असू द्या. मांडीच हवी असा हट्ट धरून दुखणाऱ्या गुडघ्यांवर लक्ष गेलं, तर सूर कुठून ऐकू येणार?

समोर तानपुरा हवा. मिरजेचा तंबोरा घरात असेल तर तुमचं भाग्य, नसेल तर इलेक्ट्रॉनिक किंवा मोबाइलवरचा चालेल. मात्र मोबाइलच्या बारक्या आवाजावर गाऊ नका, चांगला स्पीकर जोडा. पेटीचे स्वर दाबत दाबत रियाज करायची सवय असेल तर ती सोडा. एक तर कान आळशी होतो, पेटी सांगेल तो स्वर गळा गातो. शिवाय पेटीचा गंधार तानपुऱ्यातून निघणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. भूप रागात शिरलात की हा फरक तुम्हाला स्वतः ऐकू येईल. ज्या दिवशी तो ऐकू येईल त्या दिवशी मला फार आनंद होईल, कारण कान तयार होऊ लागल्याची ती पहिली खूण आहे.

पहिली दहा मिनिटं फक्त सा. आकारात ('आ' म्हणत), मध्यम आवाजात, श्वास संपायच्या थोडं आधी थांबायचं. वयाने फुप्फुसांची ताकद थोडी कमी झालेली असते. लांब धरण्याची स्पर्धा करू नका, सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वर एकसारखा राहतोय का ते बघा. शेवटाला तो खाली घसरतो किंवा थरथरतो, तेवढ्यावर काम. मग मंद्रात पंचमापर्यंत हळूहळू उतरणं आणि परत येणं. उरलेल्या वेळात एकच अलंकार, तोही ठाय (संथ) लयीत. गायलेलं ध्वनिमुद्रित करा, पण लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं की माणूस फार निष्ठुर तरी होतो किंवा फार उदार तरी. घसा दुखला, खवखवला, तर त्या दिवशी गाणं बंद आणि नुसतं ऐकणं. दुखऱ्या गळ्यावर केलेला रियाज वाया जातो.

राग कोणता? मी भूपापासून सुरू करते. सा रे ग प ध, पाचच स्वर, आणि चालही सरळ. एकच राग किती दिवस, असं विचाराल तर सहा महिने. लहान मुलांना एवढे दिवस एका रागात ठेवता येत नाही, ती कंटाळतात. तुम्ही कंटाळणार नाही. मोठ्या वयाचं हे बळ आहे आणि त्याचा फायदा घ्यायला हवा. हेच पाच स्वर घेऊन देशकार वेगळा कसा उभा राहतो, भूपात गंधारावर जो विसावा मिळतो तो तिथे धैवताकडे का जातो, हे तुम्हाला समजावून सांगितलं की पटकन कळेल. दहा वर्षांच्या मुलीला ते नुसतं गाऊन दाखवावं लागतं.

पण याच बळामागे एक धोकाही आहे. समजतं, म्हणून माणूस समजून घेतच राहतो. थाट, वादी-संवादी, स्वरलिपी, या रागाची माहिती, त्या घराण्याची माहिती. शिक्षकी पेशातली माणसं तर सुंदर अक्षरात वह्या भरतात. वही भरते आणि गळा कोरा राहतो. पहिल्या वर्षी लिहिणं जितकं कमी तितकं चांगलं. बंदिश ऐकून पाठ करा, कागद समोर ठेवू नका. ऐकायला मात्र वेळ द्या, रोज एकाच कलावंताचा एकच राग, आठवडाभर तोच.

तालाचं काम मोठ्या माणसांना सुरापेक्षा अवघड जातं, असा माझा अनुभव आहे. लहानपणी अंगात मुरलेली लय वेगळी आणि मोजून शिकलेली वेगळी. त्रितालाच्या सोळा मात्रा हाताने धरून, खालीला (टाळी नसलेल्या मात्रेला) हात उलटा करून, स्वयंपाक करता करता, चालता चालता म्हणत राहा. विलंबित, म्हणजे फार संथ लयीच्या ख्यालाची ओढ लगेच लागते कारण तो भारदस्त वाटतो, पण विलंबित एकतालात बारा मात्रांच्या आत प्रत्येकी चार असे अठ्ठेचाळीस ठोके मनात चालू ठेवावे लागतात. दोन वर्षं मध्य लयीतच राहा. मध्य लयीत समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) सहज, न मोजता येता आलं की मग विलंबिताकडे वळू.

विशारदचं विचारलंत. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा द्यायला माझी हरकत नाही. पण प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत. वरच्या परीक्षांना लेखी पेपरही असतात आणि दर टप्प्यावर रागांची यादी वाढत जाते. तरुण मुलांना त्या प्रमाणपत्राचा पुढे नोकरीला, शिकवण्या घ्यायला उपयोग होतो. तुम्हाला त्याची गरज नाही. माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ यायचे, मध्यमा पूर्णपर्यंत धडाधड पोचलेले. त्यांना पंचवीसेक राग "येत" होते, म्हणजे प्रत्येकाची एक बंदिश आणि पाठ केलेले आठ आलाप. त्यांना यमन दहा मिनिटं स्वतःच्या मनाने गा म्हटलं तेव्हा ते गप्प झाले. पुढे परीक्षा थांबवून त्यांनी यमन, बिहाग आणि भीमपलास एवढेच धरले. आता त्यांचा बिहाग ऐकायला मी आपण होऊन बसते. प्रारंभिक, प्रवेशिका एवढ्या द्यायच्या तर द्या, तयारीला शिस्त लागते. पुढचा निर्णय तुमचा, पण माझं मत कमी राग आणि खोल राग याच बाजूचं आहे.

घरच्यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, तरी सांगते. निवृत्त बाईचा वेळ सगळ्यांना मोकळा वाटतो. नातवंडं, दवाखाने, लग्नकार्यं, सगळं तिच्याकडे येतं. रियाजाची वेळ घरात जाहीर करून टाका आणि पहिल्या महिन्यापासून ती पाळा. दार लावून बसा. सुरुवातीला सा बेसूर लागेल, शेजारी ऐकतील, ऐकू द्या. निवृत्तीची वाट बघत वर्ष घालवू नका, वीस मिनिटं आजही काढता येतील. उलट शाळेचं शेवटचं वर्ष गळा सांभाळण्यात घालवा. शक्य असेल तर वर्गात ओरडण्याऐवजी टाळी, घंटी वापरा, तासांच्या मध्ये पाणी प्या.

लोकांपुढे गाणं दोन वर्षांनी सुरू करा आणि छोटं करा. गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम, कोजागिरीची घरगुती बैठक, रामनवमीला देवळात एक अभंग. पन्नास माणसांसमोर सात मिनिटं, भूपातली मध्य लयीची एक बंदिश. ताना नसल्या तरी चालेल. ठरवलेल्या दिवशी घसा थोडा जड वाटला तर पट्टी अर्ध्या स्वराने खाली घ्या आणि पेटीवाल्यांना ते आधी सांगून ठेवा. गाण्याआधी तासभर थंड, तळलेलं काही खाऊ नका, फार बोलू नका. तानपुरा सुरू झाल्यावर डोळे मिटून तो पुरेसा ऐका, लोक थांबतात. तबलजींना लय तोंडी सांगू नका, मुखडा (बंदिशीची सुरुवात) दोनदा गाऊन दाखवा. तुमच्या मनातली लय त्यांना त्यातूनच कळेल.